थंडीत ओरडणारा मीटर आणि माझे १७,९५० रुपये

आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबरात थंडी किती पडली हे पेपरात वाचावं लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा छापून येईपर्यंत आमच्या हाताची बोटं आखडून, परत सुटून, अर्धी बाग फवारून झालेली असते. गेल्या हंगामात असाच चार-पाच अंशांचा आठवडा आला आणि त्या आठवड्यात माझा मिनी ट्रॅक्टर ओरडायला लागला.

ट्रॅक्टर चोवीस एचपीचा, सहा वर्षं माझ्याच हाताखाली वापरलेला, मागे औषध फवारायचा ब्लोअर. पहाटे साडेपाचला सेल मारला, इंजिन धरलं आणि डॅशबोर्डकडून 'किर्रर्र' असा आवाज आला. कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसा. आरपीएमचा काटा आठशेवरून चौदाशेवर उडी मारायचा, परत खाली. रेस वाढवली की आवाज आणखी बारीक, आणखी तिखट. घरातून आई बाहेर आली, म्हणाली, "काय कापतोस रे एवढ्या सकाळी?" टाकी भरून होईपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत, आवाज आपोआप बंद. दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तेच.

द्राक्षाचे मणी फुगवणीला आलेले, त्यात ढगाळ हवा. या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर काय होतं हे बागवाल्याला सांगायला नको. मी घाबरलो. घाबरलेला माणूस गॅरेजात गेला की पुढचं ठरलेलंच असतं.

रस्त्यावरच्या त्या गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही. पावती नाही, पुरावा नाही, उगाच त्रास. माणूस बोलायला गोड. ट्रॅक्टर घेऊन पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, ट्रॅक्टर मुकाट. मी तोंडानं आवाज काढून दाखवला. त्यानं मान डोलावली. "दादा, डायनामोचं बेअरिंग गेलंय. थंडीत ग्रीस घट्ट होतं ना, मंग कोरडं बेअरिंग ओरडतं." बेअरिंग आणि फॅनबेल्ट मिळून १,८५० रुपये. दुपारी दोनला चालू करून दाखवला. "ऐका. येतोय का आवाज?" नव्हता येत. मी पैसे दिले.

आता हे लिहिताना मला माझीच कीव येते. दुपारी दोनला आवाज तसाही येत नव्हता. बेअरिंगऐवजी त्यानं सीटचं कव्हर बदललं असतं तरी दुपारी दोनला आवाज गेलेलाच असता. पहाटेचा आजार आणि अकराला उघडणारा दवाखाना! त्यानं काहीही केलं असतं तरी तो बरोबरच ठरणार होता. ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. आणि गंमत अशी की ग्रीस थंडीत घट्ट होतं हे त्याचं वाक्य खरंच होतं. फक्त ग्रीस भलत्या जागेचं होतं.

दुसऱ्या पहाटे परत किर्रर्र. परत गेलो. या वेळी चेहरा गंभीर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या पुढच्या कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. डॉक्टरसुद्धा इतक्या मन लावून छाती तपासत नाही. "टायमिंग गिअर खाल्लाय. आत्ता नाही केला तर दात तुटून वॉल्व्हवर जाईल. मंग अख्खं इंजिन." खर्च ११,५०० आणि तीन दिवस. तीन दिवस मी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तासावर घेतला, त्याचे पैसे तर या हिशेबात धरलेलेच नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर मिळाला, शांत. पाचव्या दिवशी पहाटे किर्रर्र.

तिसऱ्या फेरीला मी जरा चढा आवाज लावला, तर तो लगेच नमला. "दादा, एवढं करूनही येतो म्हणजे मीटरच खराब. ओरिजिनल टाकतो, वायरीसकट. ४,६०० घेतो, मजुरी नको." नवा मीटर बसला, नवी वायर बसली आणि दुसऱ्या पहाटे ट्रॅक्टर खरोखर गप्प. मी त्याला फोन करून धन्यवाद दिले. हो, धन्यवाद!

पंधरा दिवसांनी बागेत वेलीच्या आतल्या बाजूच्या घडांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली. औषध तेच, प्रमाण तेच, बाहेरची पानं स्वच्छ आणि आत पांढरं. ब्लोअरची हवा आतपर्यंत पोचत नव्हती. नोझल काढून धुतले, पंपाचं प्रेशर पाहिलं, काही सापडेना.

आमच्या वस्तीजवळ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. बागेचं त्यांना काही कळत नाही, पण मशीनचं सांगायला लागलं की चहा गार होतो. त्यांना सहज ही रामकहाणी सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "जुनी वायर कुठंय?" मीटर गॅरेजवाल्यानं ठेवून घेतला होता, पण जुनी वायर माझ्या टूलबॉक्समध्ये टाकून दिली होती. भंगारात तिला कोण विचारतो?

काकांनी वायर हातात धरून आतली तार बाहेर ओढली. निम्मी सहज आली, पुढं अडकली. जोर लावल्यावर आली ती काळपट तपकिरी, वाळलेल्या गुळाच्या पाकासारख्या थरानं माखलेली, आणि खालचा वीतभर तुकडा अगदी कोरडा, घासून चकचकीत झालेला. जिथं ती डॅशबोर्डखाली क्लिपमध्ये अडकवली होती तिथं बाहेरच्या नळीला बाक पडला होता. "ही ओरडणार नाही तर काय करणार?" काका म्हणाले. "आमच्या जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरच्या वायरी थंडीत अशाच बोंबलायच्या."

मग त्यांनी समजावलं. या ट्रॅक्टरांचा मीटर विजेवर नाही, तारेवर चालतो. तारेचं एक टोक इंजिनच्या पुढच्या बाजूला गिअरमध्ये, दुसरं मीटरच्या मागे. इंजिन फिरलं की नळीच्या आत तार फिरते आणि काटा उचलते. आतलं ग्रीस जुनं झालं, गारठलं की तार सरळ फिरत नाही. स्प्रिंगसारखी पीळ खाते, पीळ पुरेसा झाला की झटक्यात सुटते, परत पीळ खाते. म्हणून काटा उड्या मारतो आणि म्हणून आवाज. इंजिनची ऊब वर आली की ग्रीस मऊ, तार मोकळी, आवाज बंद. तारेचं खालचं टोक टायमिंग गिअरच्या त्या पुढच्या कव्हरपाशी असल्यामुळे कव्हरला कान लावला तर आवाज तिथूनही ऐकू येतो. म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून डोळे मिटायचं ते नाटक अगदीच हवेतलं नव्हतं.

शोधायचं कसं, तर पहाटेच, इंजिन गार असताना. रात्रीच डॅशबोर्डमागे हात घालून मीटरच्या पाठीवरची वायरीची चक्री पान्याशिवाय सुटते का ते बघून ठेवायचं. पहाटे इंजिन चालू करायच्या आधी ती चक्री सोडून वायर मीटरपासून वेगळी करायची, टोक बाजूला बांधायचं, बोटं आणि मफलर लांब ठेवायचं, मग सेल मारायचा. आवाज गेला तर दोष मीटरच्या आत. आवाज वायरीतूनच येत राहिला तर दोष वायरीत. इंजिनच्या बाजूनं सोडायची घाई करू नये, काही ट्रॅक्टरांत त्या भोकातून ऑइल उडतं. दोन्ही टोकं सोडूनही आवाज आला तरच बेल्ट, डायनामो, वॉटर पंप यांच्याकडे वळायचं, आणि टायमिंगचं नाव सगळ्यात शेवटी. या तपासणीला खर्च शून्य.

दुरुस्तीही तेवढीच. आतली तार काढायची, रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये धुवायची, फडक्यातून ओढताना धागा अडकतो का बघायचा, अडकला तर तार उसवलीय, बदलायची. नळी आतून धुऊन वाळवायची. ग्रीस हलकं, पातळ थर, आणि तारेच्या तीनपैकी खालच्या दोन भागांनाच. मीटरकडच्या वरच्या भागाला लावायचं नाही, कारण फिरत्या तारेवरून ते हळूहळू वर चढतं आणि मीटरमध्ये शिरून काटा चिकटवतं. बाक असेल तर नळी मोठ्या वळणानं फिरवून बांधायची. काकांनी माझी जुनी वायर अशी साफ करून, दोन बोटांत धरून फिरवून दाखवली. एका टोकाला फिरवली की दुसरं टोक त्याच क्षणी फिरत होतं.

पण काकांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी खाली बसून इंजिनचं पुढचं कव्हर पाहिलं आणि मला बोलावलं. "बोल्ट बघ." कव्हरच्या प्रत्येक बोल्टवर कंपनीचा रंग तसाच होता, पान्याचा एक ओरखडा नाही. जोडावर धूळ आणि फवारणीच्या बोर्डो मिश्रणाचा निळसर थर, सहा वर्षांचा, अखंड. ज्या कव्हरच्या आतला गिअर बदलायला मी ११,५०० मोजले होते, ते कव्हर कुणी उघडलंच नव्हतं. तीन दिवस ट्रॅक्टर नुसता उभा होता. मी खाली बसून दोन मिनिटं त्या बोल्टांकडे बघत राहिलो.

राहिला नवा मीटर. काकांच्या पुतण्याकडे उजेडानं फेरे मोजायचं छोटं यंत्र होतं. इंजिन बंद असताना पीटीओच्या, म्हणजे मागच्या ब्लोअरला फिरवणाऱ्या, शाफ्टला चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला, मग मीटरच्या खुणेवर काटा आणून मोजलं. मीटर सांगत होता पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे. यंत्र सांगत होतं ४५५. मीटर दुसऱ्याच कुठल्यातरी मॉडेलचा होता, त्याच्या तारेचं गुणोत्तर वेगळं. डबा तसाच, भोकं तशीच, काटा तसाच, म्हणून बसला. मी पंधरा दिवस इमानदारीनं काटा खुणेवर ठेवून ब्लोअर कमी फेऱ्यांवर चालवत होतो, आणि भुरी का आली हे नोझलमध्ये शोधत होतो. तासांचा आकडाही त्याच मीटरमध्ये असतो, तोही त्याच मापानं जास्त पळत होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पहिलाच प्रश्न आला, बिल आहे का? माझ्याकडे वहीच्या पानावर पेन्सिलनं लिहिलेले तीन आकडे होते. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना सुट्या भागाचा नंबर. पैसे दिले तेही रोख, कारण 'ऑनलाइनला वेळ लागतो'. आता मी अठ्ठावीस रुपयांच्या बोल्टलाही पक्कं बिल मागतो, काढलेला जुना भाग समोर मागून घेतो आणि पहाटे गार मिळावा म्हणून ट्रॅक्टर रात्रीच गॅरेजात नेऊन उभा करतो. सकाळी मिस्त्रीनं माझ्यासमोर सेल मारायचा. दोघा मिस्त्रींनी अशाला नकार दिला, तिसऱ्यानं होकार दिला. तो आता माझा मिस्त्री.

पैसे मागायला मात्र गेलो. गॅरेजच्या दारात एक जुना ट्रॅक्टर विकायला उभा होता, माझ्याच मॉडेलचा, टायरची नक्षी गेलेली. सवयीनं डॅशबोर्डकडे नजर गेली. मीटरच्या काचेत खालच्या डाव्या कडेला निळा डाग. तीन वर्षांपूर्वी बोर्डोचं पाणी उडून आत शिरलं होतं, कितीदा पुसलं तरी निघालं नव्हतं, कारण तो काचेच्या आतून होता. तास १,३१९. माझा मीटर निघाला तेव्हा १,३१२ वर होता.

"हा माझा मीटर," मी म्हणालो.

"दादा, सगळे सारखेच दिसतात," तो म्हणाला, आणि हात पुसत आत गेला. अर्ध्या तासाच्या वादावादीनंतर ४,००० रुपये काउंटरवर ठेवले. मीटर काढून द्यायला तयार नव्हता. का, ते मला दहा मिनिटांत कळलं.

दिंडोरीकडचे एक बाप-लेक तो ट्रॅक्टर बघायला आले. मुलगा थेट मीटरकडे वाकला आणि वडिलांना म्हणाला, "आबा, तेराशेच तास झालेत." आबांच्या खिशात इसाराचे पैसे असावेत, हात तिथंच होता. गॅरेजवाला आतून बघत होता. मी माझी गाडी वळवता वळवता त्यांच्याजवळ थांबलो आणि म्हणालो, "मीटर राहू द्या. क्लचच्या पॅडलचं रबर बघा, आणि मागे पीटीओच्या शाफ्टचे दात हात लावून बघा."

आबा मागच्या बाजूला गेले आणि खाली वाकले.