सिझरच्या टाक्यात रुजलेला गर्भ: दोन फुग्यांच्या कॅथेटरची पारख

कुक कंपनीचा ‘सर्व्हायकल रायपनिंग बलून’ मुळात लेबर रूमसाठी बनलेला आहे. दिवस भरलेल्या बाईचे गर्भाशयमुख मऊ करून कळा सुरू करायच्या, हे त्याचे काम. सिलिकॉनची ४० सेंटीमीटर लांबीची नळी, जाडी १८ फ्रेंच म्हणजे ६ मिलिमीटर, आणि टोकाकडे एकामागोमाग दोन फुगे. २०१६ साली न्यूयॉर्कमधल्या इलान टिमोर-ट्रिच आणि सहकाऱ्यांनी हेच साधन सिझेरियनच्या जुन्या व्रणात रुजलेल्या गर्भासाठी वापरून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधन उत्तम आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही. ते कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे सोनोग्राफीचा पडदा ठरवतो.

म्हणून आधी सोनोग्राफी. गर्भ व्रणात रुजण्याचे प्रमाण साधारण दोन हजार गर्भारपणांत एक असे धरले जाते. एक तरी सिझर झालेली बाई पुन्हा गरोदर राहिली, की सहाव्या-सातव्या आठवड्यात योनीमार्गातून सोनोग्राफी व्हायलाच हवी. पोटावरून केलेली पुरत नाही. गर्भपिशवीची पोकळी रिकामी, गर्भाशयमुखाची नळी रिकामी, आणि गर्भाची थैली पुढच्या भिंतीत, मूत्राशयाला लागून बसलेली, असे हे चित्र असते. आठव्या आठवड्यापर्यंत थैली बहुधा त्रिकोणी दिसते, कारण ती व्रणाच्या खाचेचा आकार घेते. थैली आणि मूत्राशय यांच्यामधला स्नायू किती मिलिमीटर उरला आहे, हा आकडा रिपोर्टमध्ये लिहिलेला नसेल तर तो रिपोर्ट अपुरा समजावा. बहुतेकदा तो १ ते ३ मिलिमीटर असतो, कधी तेवढाही नसतो.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. खाली सरकलेली थैली पाहून ‘गर्भपात होतोय’ असा शेरा पडतो आणि बाईला क्युरेटिंगला, म्हणजे पिशवी आतून खरवडून घ्यायला, पाठवले जाते. फरक ओळखायची साधी खूण आहे. सोनोग्राफीच्या प्रोबने हलका दाब दिला की सुटलेली थैली सरकते, आणि डॉप्लरवर तिच्याभोवती रक्तप्रवाह दिसत नाही. व्रणात रुजलेली थैली जागची हलत नाही आणि भोवती रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. अशा जागी धारदार क्युरेट फिरवला तर पातळ भिंत फाटते किंवा उघड्या पडलेल्या वाहिन्यांतून रक्ताचा लोंढा सुरू होतो. तिथला स्नायू जवळपास संपलेला असल्याने पिशवी आकुंचन पावून रक्त थांबवू शकत नाही, म्हणून पिशवी आकुंचित करणाऱ्या ऑक्सिटोसिनचाही फारसा उपयोग होत नाही. फार्मसीतून गर्भपाताच्या गोळ्या आणून सोनोग्राफीशिवाय घेणे सिझर झालेल्या बाईसाठी याच कारणाने जिवावरचे आहे.

आता साधनाकडे वळू. फुगे भरायच्या झडपा वेगळ्या रंगांच्या आहेत. लाल झडपेवर ‘यू’ लिहिलेले असते, ती वरच्या म्हणजे पिशवीतल्या फुग्याची; हिरवीवर ‘व्ही’, ती खालच्या फुग्याची. घाईत अदलाबदल होऊ नये म्हणून ही खूण मोलाची आहे. गर्भाशयमुखाच्या बाजूने भूल देऊन, पोटावरच्या सोनोग्राफीत पाहत नळी आत सरकवली जाते. आधी वरचा फुगा भरतात; तो नांगरासारखा पोकळीत अडकून नळीला जागेवर ठेवतो. मग खालचा फुगा थैलीच्या समोर आला आहे ना, हे योनीमार्गातल्या प्रोबने पाहून तो सावकाश भरला जातो. प्रत्येक फुग्यात ८० मिलिलिटर मावते, पण तो लेबर रूमचा आकडा. इथे साधारण १० ते ३० मिलिलिटरमध्ये भागते, आणि कुठे थांबायचे ते पडद्यावर ठरते: थैली चपटी होते, ठोके बंद पडतात. त्यानंतर काही वेळाने पुन्हा पाहून ठोके खरोखरच थांबल्याची खात्री करायची. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधून एक ते काही दिवस ठेवतात, सोबत प्रतिजैविके आणि वेदनाशामक. काढताना फुगे टप्प्याटप्प्याने रिकामे करायचे. रक्त येऊ लागले तर तोच फुगा पुन्हा भरता येतो, आणि हा या साधनाचा खरा गुण: जो गर्भ थांबवतो, तोच रक्तही दाबून धरतो.

एक फुग्याचा साधा फॉली कॅथेटर खूप स्वस्त आहे आणि कुठल्याही इस्पितळात मिळतो. पण त्याला वर आधार नसतो, तो घसरून बाहेर येतो. सक्शनने गर्भ ओढून काढल्यानंतर रक्त दाबायला तो चांगला. गर्भ थांबवायला दोन फुग्यांचाच बरा.

उणिवा मोठ्या आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. हे साधन सहा ते आठ आठवड्यांपर्यंतचे. त्यापुढे थैली मोठी, वाहिन्या दाट, आणि दाबाने भागत नाही. थैली मूत्राशयाच्या दिशेने पिशवीच्या बाह्यरेषेपलीकडे फुगली असेल तर आतून दाब देणे चुकीचे. तिथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते. तीत मूत्राशय खाली सोडवून व्रणासह गर्भ काढतात आणि भिंत पुन्हा शिवतात. खाच दुरुस्त होते ती शस्त्रक्रियेने; फुग्याने भिंत जाड होत नाही. थैली पोकळीच्या बाजूला झुकलेली आणि भिंत निदान ३ मिलिमीटर असेल तर हिस्टेरोस्कोपी (योनीमार्गातून पिशवीत दुर्बीण घालून गर्भ काढणे) किंवा सोनोग्राफीखाली सक्शन चालते. गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटचे नुसते इंजेक्शन दंडात किंवा कमरेत देऊन घरी पाठवणे, हा उपाय अमेरिकेच्या मातृ-गर्भ वैद्यक संस्थेने एकट्याने वापरू नये असे सांगितले आहे. औषध द्यायचेच तर सोनोग्राफीखाली सुईने थेट थैलीत. ‘वाट पाहू’ हाही सल्ला त्याच संस्थेने नाकारला आहे, कारण गर्भ वाढला तर वार भिंतीत घुसते आणि पिशवी काढायची वेळ येऊ शकते.

गोव्याच्या संदर्भात एक गोष्ट फार महत्त्वाची. काणकोण, सांगे, सत्तरी, पेडणे इथून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पोचायला वेळ लागतो, आणि नळी आत असताना किंवा काढल्यावर रक्त गेले तर तो वेळ हातात नसतो. म्हणून ही प्रक्रिया अशाच ठिकाणी व्हावी जिथे रक्तपेढी आवारात आहे, रात्रीही शस्त्रक्रियेचे पथक आहे आणि गर्भाशयाच्या धमन्या बंद करणारे रेडिओलॉजिस्ट बोलावता येतात. म्हापशात किंवा मडगावात निदान झाले तर पुढे कुठे आणि कधी, हे त्याच दिवशी ठरवून घ्यावे. नळीसह घरी सोडत असतील तर घर इस्पितळाजवळ असावे, नाहीतर दाखलच राहावे. १०८ घरी पोचायलाही वेळ लागतो. गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचे, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, कार्ड असेल तर ही प्रक्रिया कोणत्या पॅकेजखाली बसते, ते दाखल होण्याआधीच विचारावे.

संमतीपत्रावर दोन गोष्टी पाहा. कॅथेटरचा हा वापर कंपनीच्या मूळ उद्देशात नाही, हे तिथे लिहिलेले असावे. आणि गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही नाही म्हणून कोणी अडवू नये. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचे इंजेक्शन चुकवू नका.

पुढचे आठवडे कंटाळवाणे, पण सोडून चालणार नाहीत. गर्भारपणाच्या संप्रेरकाची रक्ततपासणी, बीटा एचसीजी, दर आठवड्याला, शून्याजवळ येईपर्यंत. थैलीचा गोळा कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने दिसत राहतो. सुरुवातीला तो मोठाही वाटू शकतो. त्यावर घाबरून कोणी क्युरेटिंग सुचवले तर आधी डॉप्लर मागा. मेथोट्रेक्सेट दिले असेल तर फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आणि दारू बंद, वेदनाशामक विचारल्याशिवाय नाही, आणि निदान तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. डिस्चार्ज कार्डावर भिंतीची जाडी, वापरलेली पद्धत, औषधाची मात्रा आणि तारीख लिहून घ्या, कारण पुढच्या खेपेला सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करणारा डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारेल.