निवेदक सापडतो, लेखक निसटतो: पदवीच्या मराठीची एक मार्गदर्शिका

साहित्यातला दृष्टिकोन शिकवणारी ही बारकी मार्गदर्शिका बेळगावातल्या पुस्तकांच्या दुकानांत मिळते. खानापूर-निपाणीकडून बसनं येणारी मुलं परीक्षेआधी हीच चाळत असतात. निम्मी घेण्याजोगी आहे.

पहिला भाग चोख. निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी एवढ्यावर न थांबता, निवेदकाला कितीजणांच्या मनातलं कळतं हेही विचारलंय. त्यामुळे ‘तो’, ‘ती’ दिसलं की ‘सर्वज्ञ निवेदक’ लिहून मोकळं व्हायची खोड मोडते. उतारा ‘मी’चा ‘ती’ करून लिहायचा सराव सगळ्यात कामाचा. ‘मी रडले नाही’ ही फुशारकी असू शकते, थापही असू शकते. ‘ती रडली नाही’ म्हटलं की निवेदकच हमी देतो. इंदिरा संतांची ‘कुब्जा’ ही कविताही (बेळगावच्या म्हणून तरी घेतली असेल) नीट उलगडलीय: सुरुवातीला नजर लांबून, झोपलेल्या गोकुळावर, शेवटी आवाज थेट कुब्जेचा.

दुसऱ्या भागातल्या ‘लेखकाची भूमिका’ या प्रकरणात मात्र सगळं फसतं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ या दोन्ही कादंबऱ्यांना एकच उत्तर: ‘लेखकाचा दृष्टिकोन सुधारणावादी.’ चूक नाही, पण एवढ्यावर गुण कोण देणार? पदमनजी नायिका यमुनेला नवऱ्याबरोबर प्रवासाला नेतात, वाटेत विधवांची दुःखं दाखवतात. लेखकाचं मत उघडच आहे. हरिभाऊ त्यांची नायिका यमू हिलाच स्वतःची हकिगत लिहायला बसवतात. लहान यमू नुसतं बघते, लिहिणारी यमू त्याचा अर्थ लावते, आणि लेखक या दोघींच्याही मागे असतो. त्याला गाठायचं तर तीन गोष्टी तपासाव्या लागतात. कडक विशेषणं कोणाच्या वाट्याला आलीत? मनातलं कोणाचं सांगितलंय, कोणाचं गाळलंय? निवेदकाच्या म्हणण्याला पुढच्या घटना दुजोरा देतात की ते खोटं पाडतात? शिवाय इथं शीर्षकातला प्रश्नच हाताशी आहे. मार्गदर्शिकेत यातलं काही नाही, म्हणून मुलं यमूचं वाक्य उचलून बिनधास्त ‘लेखक म्हणतात’ लिहितात.

उपरोधाला जेमतेम अर्धं पान, तेही चार-चार ओळींच्या उताऱ्यांचं. स्तुती खरी की टोमणा, हे मागचं पानभर वाचल्याशिवाय ठरत नाही. उत्तरसूची तर एकेका शब्दाची: ‘सहानुभूती’, ‘उपहास’. कोणत्या शब्दावरून, ते नाही.

जुनी प्रत निम्म्या किमतीत मिळाली तर पहिल्या भागासाठी घ्या. नव्या आवृत्तीत मुखपृष्ठ तेवढं बदललंय. दुसऱ्या भागाऐवजी वाचनालयातून कादंबरीच आणा आणि उत्तरात प्रत्येक मतापुढे ज्या शब्दावरून ते काढलं तो शब्द अवतरणात लिहा.