कॉकमध्ये विधान कसं लिहावं: बूल की प्रॉप?

कॉक या गणिती सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (२०२५ पासून नाव रॉक) ‘अ किंवा अ नाही’ दोन तऱ्हांनी लिहिता येतं. बूल म्हणजे निव्वळ डेटा, ट्रू नाहीतर फॉल्स. डिस्ट्रक्ट (केसेस पाडणारी आज्ञा) लावलं की दोन केसेस पडतात, दोन्हीकडे रिफ्लेक्सिव्हिटी (हिशोब करून दोन्ही बाजू सारख्याच आहेत हे दाखवणारी आज्ञा), काम फत्ते.

प्रॉपमध्ये विधान हाच टाइप आणि सिद्धता ही त्या टाइपची वस्तू. ‘किंवा’ सिद्ध करायचं तर डावी बाजू की उजवी, हे ठरवून सांगावं लागतं. कुठल्याही अ साठी ते सांगता येत नाही, म्हणून हेच साधं वाक्य क्लासिकल गृहीतक (प्रत्येक विधान खरं किंवा खोटं असतंच, हे मानणं) आयात केल्याशिवाय हलत नाही. नवखे इथेच वैतागतात, आणि बरोबरच आहे.

मग सगळं बूलमध्येच का नाही? ‘प्रत्येक नैसर्गिक संख्येसाठी’ म्हटलं की बूल हात टेकतं. अनंत संख्या तपासून संपणार कधी? प्रॉप ते सहज पेलतं.

गोंतिए आणि वेर्नर या संगणकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये चार रंगांचं प्रमेय (शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांचे ठेवून कुठलाही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात) कॉकमध्ये पडताळलं. एसएसरिफ्लेक्ट या कॉकमधल्या सिद्धता-भाषेची शैली त्याच कामातून आली: हिशोब बूलमध्ये, युक्तिवाद प्रॉपमध्ये, दोन्हींना जोडायला ‘रिफ्लेक्ट’. सम-विषम किंवा यादीतलं सभासदत्व असेल तर मी डोळे झाकून बूल घेईन.