ग्रेट निकोबारला साइट सुपरव्हायझरची नोकरी म्हणून फोन आला तर पैसे भरायच्या आधी हे वाचा

मी सिव्हिल डिप्लोमावाला, पूल आणि बंधाऱ्यांच्या साइटवर बरीच वर्षं काढलीयेत. २०२३ च्या सुरुवातीला जॉब पोर्टलवरचा माझा बायोडाटा बघून एका कन्सल्टन्सीवाल्याचा फोन आला, म्हणे अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावर गलाथिया बे मध्ये बंदराचं काम जोरात चालू आहे, सिनियर साइट सुपरव्हायझर पाहिजे, पगार ९० हजार, राहणं-जेवण कंपनीचं. प्रोजेक्ट खरा आहे हे मला माहीत होतं, तेव्हा सुमारे ७२ हजार कोटींचा, त्यात बंदर, विमानतळ, टाऊनशिप, वीजकेंद्र सगळं आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाल्याचं पेपरात वाचलेलं. ही लोकं इथेच माणसाला पकडतात, खोटं बोलतात ते सगळं खऱ्याच्या आधाराने.

इंटरव्ह्यू पण नीट घेतला, काँक्रीटचा स्लम्प (किती पातळ-घट्ट) किती ठेवता, ताकदीची क्यूब टेस्ट, सळया वाकवायचं बार बेंडिंग शेड्यूल, सगळं विचारलं. विचारणारा आपल्याच लाइनमधला होता याचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं. मग शिक्क्याचं ऑफर लेटर, आणि त्यानंतर पैसे चालू. आधी मेडिकल, मग ट्रायबल पास, मग पोर्ट ब्लेअर ते कॅम्पबेल बे (ग्रेट निकोबारवरचं मुख्य गाव) जहाजाची सीट, मग सेफ्टी ट्रेनिंगचं डिपॉझिट. प्रत्येक वेळी "रिफंडेबल आहे, पहिल्या पगारात परत". आता निकोबारच्या आदिवासी राखीव भागात जायला प्रशासनाचा पास लागतो हे खरंच आहे, म्हणून ते पटलं. पण पासाचे पैसे कुठल्यातरी परराज्यातल्या माणसाच्या सेव्हिंग खात्यावर कशाला जातील? एकूण १ लाख ४६ हजार गेले, त्यातले बरेचसे आईच्या पाटल्या सोनेतारण ठेवून काढलेले.

काहीही विचारलं की उत्तर एकच, "सर ते बेट आहे". साइटवरच्या इंजिनिअरशी बोलू द्या म्हटलं तर बेटावर नेटवर्क नाही, व्हिडिओ कॉल करा म्हटलं तर नेट स्लो, मी एकदा बघून येतो म्हटलं तर परवानगी नाही, आणि पैशाला उशीर झाला की "हे जहाज चुकलं तर पुढचं कधी मिळेल सांगता येत नाही". खरं म्हणजे चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल ऑगस्ट २०२० मध्येच चालू झाली आणि ती ग्रेट निकोबारपर्यंत जाते. एवढं लांब कोण बघायला जाणार, यावरच त्यांचा सगळा धंदा चालतो.

उघड कसं झालं ते सांगतो. त्यांनी जेट्टीचे फोटो पाठवले, पाण्यातल्या खांबांवरचे काँक्रीटचे पाइल कॅप झालेले, वर क्रेन. सुपरव्हिजन केलेल्या माणसाला कळतं की एवढ्या कामाला पाण्यात किती महिने जातात, आणि बंदरासाठी कंपन्यांकडून नुसते प्रस्ताव मागवण्याचं काम तेव्हा चाललेलं. त्यात आमच्या गावातल्या एका रिटायर्ड सुभेदारांचे नातेवाईक कॅम्पबेल बेला राहतात, १९६९ पासून सरकारने तिथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली त्यात महाराष्ट्रातलीही होती. त्या सुभेदार काकांनी नातेवाइकांचा नंबर दिला, फोन लगेच लागला, समोरून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, "अहो गलाथियाला अजून जंगलच आहे, कसली जेट्टी?"

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार दिली. एक लक्षात ठेवा, पैसे गेल्यावर पहिले काही तास फार महत्त्वाचे, कारण ते लगेच दुसऱ्या खात्यात फिरवतात. माझं शेवटचं पेमेंट त्याच दिवशीचं होतं म्हणून तेवढं बँकेने रोखून धरलं, आधीचे निघून गेले होते. स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा नंबर), ऑफर लेटर, कॉल रेकॉर्डिंग काहीही डिलीट करू नका, आणि "केस मागे घ्या, अर्धे परत देतो" म्हणून फोन आला तर तोही रेकॉर्ड करा, मला आलेला.

आणि घरात कुणी बेटावर, जहाजावर, ऑफशोअरला असल्या कामाला निघालं असेल तर त्याला पैसे भरायच्या आधी तिथल्याच एखाद्या दुकानदाराला, लॉजवाल्याला, शाळेतल्या मास्तरांना फोन करायला लावा. लेटरवरच्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या नंबरवर. तक्रारीनंतर मला नांदेड आणि साताऱ्याची अजून दोन पोरं भेटली, तेच लेटर, तोच शिक्का, त्यातल्या एकाने तर हातची नोकरी सोडली होती. आता आम्ही तिघांचे कागद एकत्र करून सायबर सेलला देतोय.