‘रात्रीस खेळ चाले’: अण्णा आधी गेलेले बघावेत की जिवंत?

‘रात्रीस खेळ चाले’ या भयमालिकेचा पहिला भाग, म्हणजे पहिलं पर्व, सुरू होतो तोच घरातल्या कर्त्या अण्णा नाईकांच्या मरणाने. दुसरा भाग त्याच्या कित्येक वर्षं मागे जातो. त्यात अण्णा चांगले धडधाकट आहेत, घरावर आणि गावावर त्यांचा वचक आहे, आणि कुणाची जमीन कधी आपल्या नावावर येईल याचा हिशोब डोक्यात चालू आहे. म्हणजे २०१६ साली आलेला भाग कथेत नंतरचा आणि २०१९ साली आलेला भाग आधीचा. ज्यांनी ही मालिका त्या त्या वर्षी, रात्री साडेदहाला झी मराठीवर बघितली, त्यांना निवड करायचीच नव्हती; जे लागेल ते बघायचं. पण आता नव्याने बघायला बसणारे विचारतात, सुरुवात कुठून करू? माझी बडोद्याला वाढलेली मावसबहीण हेच विचारत होती. तिला फोनवर अर्धा तास जे सांगितलं ते जरा नीट लिहून काढतोय.

वेळेचा हिशोब आधी सांगतो. पहिला भाग २२ फेब्रुवारी ते २२ ऑक्टोबर २०१६ असा आठ महिने चालला. दुसरा १४ जानेवारी २०१९ ला सुरू झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये संपला. मधले काही महिने टाळेबंदीत चित्रीकरण बंद होतं. दुसरा भाग पहिल्याच्या दुपटीच्या आसपास लांब आहे, हे लक्षात ठेवूनच बसा. तिसरा भागही आहे, २०२१ चा, त्याबद्दल शेवटी दोन ओळी.

दोन्ही भागांत दिग्दर्शक राजू सावंत, घर तेच, आणि भाषा तीच. घर आहे सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या आकेरीत. मालिका गाजल्यावर लोक गाड्या थांबवून त्या वाड्यासमोर फोटो काढायला लागले, इतकं ते घर सगळ्यांना ओळखीचं झालं. भाषा मालवणी. याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण माझ्यासाठी या मालिकेचं खरं मोठेपण तिथे आहे. मच्छिंद्र कांबळींनी १९८० पासून ‘वस्त्रहरण’चे प्रयोग करून मालवणी गावोगावच्या रंगमंचावर नेली, तिला मान मिळवून दिला. पण त्यानंतर वर्षानुवर्षं आमची बोली म्हटली की लोकांना हसूच आठवायचं. नाटकात किंवा मालिकेत कुणी ‘काय झाला?’ म्हणालं की प्रेक्षक हसायला तयार. ‘रात्रीस खेळ चाले’ने त्याच बोलीत माणसं घाबरवली, रडवली, एकमेकांचा द्वेष करताना दाखवली. आमच्या घरात ज्या भाषेत भांडणं झाली आणि ज्या भाषेत माणसं गेली, ती भाषा पहिल्यांदा टीव्हीवर गंभीर तोंडाने बोलताना ऐकली. आई डोंबिवलीच्या घरात जेवणाचं ताट हातात घेऊन उभ्या उभ्या बघायची. तिच्या तोंडून तीस वर्षांपूर्वीचे शब्द परत यायला लागले. एकदा ती मला सहज म्हणाली, ‘तुका सांगतंय ता ऐक मरे.’ माझ्याशी ती एरवी कधीच मालवणीत बोलत नसे.

आता पहिला भाग. अण्णा गेलेत आणि सगळी भावंडं वाड्यात गोळा झाली आहेत. मुंबईचा माधव आणि त्याची बायको नीलिमा, गावात राहून घर सांभाळणारा दत्ता आणि सरिता, अभिराम आणि त्याची देविका, माहेरी असलेली छाया, आणि या सगळ्यांच्या मधे अण्णांची बायको माई. मग घरात काहीबाही घडायला लागतं. नीलिमा विज्ञानाच्या बाजूने प्रश्न विचारते, बाकीचे देवाधर्माकडे वळतात, आणि बघणारा दोघांच्या मधे लटकतो. हे भूत आहे की माणूस? पहिल्या भागाचा सगळा जीव या एका प्रश्नात आहे.

पण मी हा भाग परत बघितला तेव्हा मला भुतापेक्षा वाटणी जास्त दिसली. ज्यांचं घर तळकोकणात आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, काही मुंबईत, काहींचा पत्ताच नाही. मे महिन्यात आणि चतुर्थीला चाकरमानी येतात, घरात आठ दिवस हसणं-खिदळणं चालतं, आणि जायच्या आदल्या रात्री पडवीत हळू आवाजात विषय निघतो. गावात राहणाऱ्या भावाला वाटतं, मी इथे राबलो, कौलं मी शाकारली, आईचं औषधपाणी मी केलं. मुंबईच्या भावाला वाटतं, पैसे तर मीच पाठवत होतो. दोघंही खरं बोलत असतात. पहिल्या भागात दत्ता आणि माधव समोरासमोर येतात तेव्हा हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर असतं. नेने वकील घरात आले की जी शांतता पसरते ती कुठल्याही किंकाळीपेक्षा मला जास्त भिववते. सुहास शिरसाटचा दत्ता बघा. चिडका, कमी बोलणारा, कायम कुणीतरी आपल्याला फसवतंय अशा नजरेने बघणारा. असा एक तरी दत्ता प्रत्येक कोकणी घरात असतो आणि त्याच्यावाचून ते घर उभं राहत नाही.

आणि वाड्यावरचा गडी पांडू. प्रल्हाद कुडतरकरांनी ही भूमिका केली आणि मालिकेच्या लेखनातही त्यांचा हात आहे. ‘इसारलंय’ (विसरलो) हा त्याचा शब्द पुढे महाराष्ट्रभर मुलांच्या तोंडी गेला. लोक हसले, मीही हसलो. आई मात्र हसता हसता थांबली. आमच्याही घरी असे एक काका होते. दिवसभर खळ्यात बसून असायचे, निरोप द्यायला पाठवलं तर अर्ध्या वाटेवरून परत यायचे. त्यांना कुणी वेडं म्हणत नसे, ‘तो तसोच’ एवढंच म्हणायचे, आणि पंगतीत त्यांचं पान आधी वाढायचे. पांडू बघून ते आठवले. त्याला घर जसं वागवतं, कधी ओरडून, कधी मायेने, ते अगदी खरं आहे. त्यात कुठे खोट नाही.

पहिल्या भागात कमी काय आहे तेही सांगतो. तो संथ आहे. कुणीतरी अंधारात चालतंय, दार करकरतंय, आणि मग उद्या बघा. रोजच्या मालिकेची ही सवय सलग बघताना त्रास देते. काही धागे मधेच सुटतात. शेवटाबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत; मी तो सांगणार नाही, पण मला पटला तो रस्ता, पोचायची घाई पटली नाही. शिवाय मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातून विरोधही झाला होता. आमचा मुलुख अंधश्रद्ध दाखवताय, असं लोकांचं म्हणणं. त्या रागात तथ्य होतं असं मला आजही वाटतं. देवाला गाऱ्हाणं घालणं म्हणजे करणी-भानामती नव्हे, आणि बाहेरच्या प्रेक्षकाला हा फरक मालिका प्रत्येक वेळी समजावत नाही. तुम्ही कोकणातले नसाल तर एवढं मनात ठेवून बघा.

दुसरा भाग हा माणसांचा, त्यातही दोन माणसांचा आहे. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता. पहिल्या भागात ज्या अण्णांच्या नावाने घर दबून असतं, ते अण्णा इथे समोर येतात. दुसरा एखादा नट डोळे वटारून, आवाज चढवून खलनायक उभा करेल. अभ्यंकर तसं करत नाहीत. त्यांचे अण्णा हसतात. समोरच्याला जवळ बोलावतात, त्याच्या घरचं विचारतात, आणि त्या हसण्यातच कळतं की या माणसाचं आता काही खरं नाही. गावातला सावकारी वळणाचा, बायकांवर नजर ठेवणारा, पण देवळात पहिला मान घेणारा माणूस आम्ही आजी-आजोबांच्या गजालींत, म्हणजे गप्पांत, ऐकला होता. तो असा हसतच असणार, हे अभ्यंकरांना बघून कळलं.

शेवंता पाटणकरांची बायको म्हणून येते. आधी तिच्याबद्दल राग येतो, मग तिची हाव कळते, मग तिची भीती कळते. ज्या माणसाच्या आधाराने आपण वर येऊ असं तिला वाटलं, त्याच्याच मुठीत ती अडकत जाते, आणि प्रत्येक पायरीवर तिला परत फिरता आलं असतं असं आपल्याला वाटत राहतं. ‘अण्णानू’ ही तिची हाक मालिकेच्या सुरुवातीला वेगळी लागते आणि शेवटाकडे वेगळी. अपूर्वा नेमळेकरने एका शब्दावर एवढं काम केलं आहे. आणि या दोघांइतकीच मोठी माई. शकुंतला नरेंनी दोन्ही भागांत ती केली. नवरा रात्री कुठे जातो हे जिला ठाऊक आहे आणि सकाळी त्याच्यासमोर चहा ठेवायचा आहे, अशी बाई. ती जास्त बोलत नाही. पदर सावरते, चुलीकडे वळते. आमच्या आजीच्या पिढीतल्या किती बायकांनी असं आयुष्य काढलं असेल, या विचाराने मी काही एपिसोड बघून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो आहे.

दुसऱ्या भागात भूत आहे की नाही हा प्रश्न फारसा उरत नाही. ज्यांचं वाटोळं झालं ते परत येतात, हे मालिका उघड मान्य करते. त्यामुळे ज्यांना कोडं सोडवायला आवडतं त्यांना पहिला भाग जास्त भावेल. ज्यांना माणूस बिघडताना बघायचाय त्यांना दुसरा. अभिनयाच्या बाजूने विचाराल तर दुसरा भाग सरळ वरचढ आहे, यात मला शंका नाही. पण तो लांबवलाही आहे. अण्णा-शेवंताची जोडी लोकांनी उचलून धरल्यावर कथा त्यांच्याभोवतीच फिरत राहिली आणि मधले काही आठवडे तेच ते होतं. तिथे बिनधास्त पुढे सरका, काही बिघडत नाही. आणि लहान मुलांना घेऊन हा भाग बघू नका. भुतांचं सोडा, अण्णा बायकांशी ज्या तऱ्हेने वागतात ते मुलांसमोर बघवत नाही, आणि ते समजावून सांगायचं तुमच्या तयारीत असलं पाहिजे.

मग आधी कुठला? बहिणीला मी पहिलाच सांगितला, आणि ‘तो आधी आला म्हणून’ हे त्याचं कारण नव्हतं. आपल्या घरातले आजोबा-पणजोबा आपल्याला भेटतात कसे? आधी भिंतीवरचा हार घातलेला फोटो. मग कुणाच्या तरी तोंडून एखादी अर्धी गोष्ट. मग एक दिवस कळतं की फलाण्या आत्याशी घराचं बोलणं का तुटलं, मागच्या बाजूची बाग कुणाची होती, आणि आजी त्या फोटोकडे कधी बघत का नव्हती. पहिला भाग आधी बघितला तर अण्णा आपल्याला असेच भेटतात, मागे राहिलेल्यांच्या भीतीतून आणि भांडणातून. त्यानंतर दुसऱ्या भागात ते जिवंत होऊन हसत समोर आले की ती हसणारी प्रत्येक फ्रेम जड होते. दत्ताचा चिडकेपणा, छायाचा कडवटपणा, माईचं गप्प राहणं या सगळ्याचं मूळ तिथे सापडतं. उलट्या क्रमाने बघितलं तर हे सगळं आधीच ठाऊक असतं आणि पहिल्या भागातलं कोडं निम्मं सुटलेलंच हातात येतं.

तरी दोन माणसांना मी दुसऱ्या भागापासून सुरू करायला सांगेन. एक, ज्याच्याकडे धीर कमी आहे आणि जो चार-पाच एपिसोडमध्ये गुंतला नाही तर सोडून देतो; अण्णा त्याला धरून ठेवतील. दुसरा, जो मालवणी अजिबात ऐकलेला नाही. पहिल्या भागात दहा माणसं एकदम बोलतात, नाती कळेपर्यंत आठवडा जातो. दुसऱ्यात माणसं एकेक करून येतात, बोली कानात मुरायला वेळ मिळतो. आमच्या शेजारच्या नागपूरकर काकू दुसऱ्या भागापासून सुरू करून महिन्याभरात ‘खय गेलंस?’ म्हणायला लागल्या, हे मी स्वतः ऐकलंय.

तिसऱ्या भागाचं थोडक्यात. २०२१ मध्ये सुरू झाला आणि साथीमुळे लगेचच खंडला, मधेच शेवंताची नटी बदलली, आणि वाड्याची ती घट्ट कथा सैल झाली. दोन्ही भाग संपल्यावरही अण्णांना सोडवत नसेल तरच तिकडे वळा.

बहिणीने परवा रात्री पहिला भाग सुरू केला. अकरा वाजता तिचा मेसेज आला: ‘दत्ता अगदी आपल्या थोरल्या मामासारखा बोलतो रे.’ त्यानंतर तिने मामांना फोन लावला. चार वर्षांनी.