होलसेलिंगचा ऑनलाइन कोर्स: फोनवर भर, कराराकडे पाठ

अमेरिकेत स्वतःचे भांडवल न घालता घरांच्या व्यवहारात उतरण्याचा जो मार्ग नवशिक्यांना सर्वाधिक दाखवला जातो, तो म्हणजे रिअल इस्टेट होलसेलिंग. अडचणीत असलेल्या किंवा दुर्लक्षित घराच्या मालकाशी कमी किमतीत खरेदीचा करार करायचा आणि त्याची मुदत संपण्याआधी करारातील आपला हक्क रोख पैसे असलेल्या दुसऱ्या खरेदीदाराला देऊन मधली रक्कम घ्यायची, एवढाच त्याचा गाभा आहे. हे शिकवणारा, हजार डॉलरच्या आतबाहेर किंमत असलेला एक कोर्स मी शेवटपर्यंत पाहिला आणि त्यासोबत मिळणारे कागदपत्रांचे नमुने मालमत्ता व्यवहारांचे काम करणाऱ्या एका वकिलाला दाखवले. कोर्सचे नाव देत नाही, कारण पुढील गुणदोष या जातीच्या इतर कोर्सनाही पुष्कळसे लागू पडतील असे मला वाटते. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी अडीच देईन, आणि त्यातले दोन विक्रेता शोधण्याच्या भागाचे आहेत.

तो भाग खरोखर चांगला आहे. घरमालकांची यादी विकत न घेता काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्ह्याच्या, सार्वजनिक नोंदींवरून ती स्वतः कशी तयार करावी, हे शिक्षक पडद्यावर एकेक पायरी उघडून दाखवतात. मालमत्ता कराचे बिल ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता घराच्या पत्त्याहून वेगळा असेल तर मालक तेथे राहत नाही असे धरून चालता येते. त्याच घराचा कर थकलेला असेल, किंवा गवत वाढल्याबद्दल, छत मोडल्याबद्दल पालिकेची नोटीस निघालेली असेल, तर तो मालक विकण्याच्या मनःस्थितीत असण्याची शक्यता वाढते. या नोंदी एकमेकींवर ठेवून मोठी यादी लहान कशी करावी, याचे प्रात्यक्षिक विनाखर्चाचे आणि लगेच वापरता येण्यासारखे आहे. मालकांशी झालेल्या फोन संभाषणांची ध्वनिमुद्रणेही उपयोगी आहेत, विशेषतः प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक स्वतः गप्प राहतात आणि समोरच्याला बोलू देतात ती.

हिशेबाच्या भागापासून मात्र कोर्स पातळ होत जातो. या धंद्यातील प्रसिद्ध सत्तर टक्क्यांचा नियम येथे शिकवला आहे: दुरुस्तीनंतर घराला जी किंमत येईल तिचे सत्तर टक्के घ्यायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, म्हणजे अंतिम खरेदीदार जास्तीत जास्त किती देईल ते कळते, आणि त्यातून आपली रक्कम वजा केली की मालकाला सांगायचा आकडा मिळतो. २,००,००० डॉलर किमतीचे घर आणि ३५,००० डॉलरची दुरुस्ती धरली तर खरेदीदाराची मर्यादा १,०५,००० येते. १०,००० स्वतःसाठी ठेवले तर मालकाशी करार ९५,००० चा करायचा. गणित बरोबर आहे, पण ते किती नाजूक आहे हे कोर्स सांगत नाही. दुरुस्ती ३५,००० ऐवजी ४५,००० निघाली की आपली सगळी रक्कम गेली. दुरुस्तीनंतरची किंमत दोन लाखांऐवजी १,८०,००० निघाली तर खरेदीदाराची मर्यादा ९१,००० वर येते, म्हणजे ९५,००० चा करार कोणी घेणारच नाही. अंदाजातील दहा टक्क्यांची चूक येथे नफा कमी करत नाही, ती व्यवहारच मारते, आणि नवशिक्याचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. घरांच्या किमतींचे ऑनलाइन अंदाज देणाऱ्या झिलोसारख्या कंपनीने, हाताशी एवढी माहिती असताना, पुढील किमतींचा अंदाज भरवशाचा नाही असे सांगून नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतः घरे विकत घेण्याचा उद्योग गुंडाळला होता. आसपासच्या घरांचे विक्रीभाव काउंटीच्या नोंदींत पाहा, असा सल्ला कोर्स देतो. पण टेक्सास आणि युटासारख्या राज्यांत विक्रीची किंमत सार्वजनिक नोंदीत देणे बंधनकारकच नाही, त्यामुळे तेथील विद्यार्थ्याला एमएलएसपर्यंत, म्हणजे दलालांच्या सामाईक घर-यादीपर्यंत, पोहोचणारा कोणीतरी गाठावा लागतो. याचा साधा उल्लेखही नाही.

माझी मुख्य तक्रार कराराविषयी आहे. होलसेलर घर विकत नाही, तो करारातील हक्क विकतो. म्हणजे त्याच्याकडे विकायला जो एकमेव माल आहे तो हा करार. त्याला कोर्समध्ये एक छोटासा पाठ आणि एक कोरा नमुना एवढीच जागा मिळाली आहे. खरेदीदाराच्या नावापुढे ‘अथवा त्याने नेमलेली व्यक्ती’ अशा अर्थाचे शब्द घाला आणि घर तपासण्यासाठी मुदत मागून घ्या, म्हणजे गिऱ्हाईक न मिळाल्यास इसार परत घेऊन बाहेर पडता येईल, असे तो पाठ सांगतो. वकिलांनी नमुना वाचल्यावर पहिला प्रश्न विचारला तो इसार कोणाच्या ताब्यात राहणार हा, कारण नमुन्यात त्याची ओळच नव्हती. बँकेने जप्त केलेल्या घरांच्या करारांत हक्क दुसऱ्याला देण्यास अनेकदा मनाई असते आणि तेव्हा एकामागोमाग दोन खरेदीखते करावी लागतात; त्यासाठी लागणारे अल्पमुदतीचे कर्ज आणि दुप्पट होणारा कागदोपत्री खर्च यांवर शिक्षक दोन वाक्ये बोलून पुढे जातात. हक्क हस्तांतरित केल्याबद्दलची रक्कम अखेरच्या हिशेबपत्रकात सहसा स्वतंत्र ओळीत दिसते आणि ती पाहून मालक बिथरू शकतो, हेही आधी सांगायला हवे होते. त्याऐवजी फोनवर स्वतःची ओळख ‘मी घर घेणारा आहे’ अशी करून देण्याचा सराव करून घेतला जातो. ज्याच्याकडे घर घेण्याइतके पैसे नाहीत आणि तसा हेतूही नाही, त्याने कर्जाने गांजलेल्या माणसाला असे सांगणे मला पटले नाही.

कायद्याबाबत ‘आपल्या राज्याचे नियम तपासा’ एवढ्या एका वाक्यावर भागवले आहे. वास्तविक गेल्या काही वर्षांत सर्वाधिक बदल येथेच झाला आहे. इलिनॉयने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि बारा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा असा व्यवहार करणाऱ्याला दलालीचा परवाना आवश्यक केला. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये अशा कराराची जाहीर विक्री परवान्याखाली आणली आणि पेनसिल्व्हेनियाने २०२४ च्या कायद्याने होलसेलरला परवाना बंधनकारक केला. टेक्सासमध्ये आपल्याकडे घराची मालकी नसून फक्त कराराचा हक्क आहे हे संभाव्य खरेदीदाराला सांगावेच लागते. थोडक्यात, विद्यार्थी कोणत्या राज्यात आहे यावर हा कोर्स उपयोगाचा की निरुपयोगी हे ठरते, आणि विक्रीच्या पानावर तसे कुठेही लिहिलेले नाही. यादीतील शेकडो क्रमांकांवर एकगठ्ठा संदेश पाठवणारे सॉफ्टवेअर मात्र आवर्जून सुचवले आहे. दूरध्वनी ग्राहकांच्या संरक्षणासाठी १९९१ मध्ये झालेल्या संघीय कायद्याखाली नियमबाह्य फोन किंवा संदेशासाठी प्रत्येकी ५०० डॉलर आणि तो जाणूनबुजून केला असेल तर १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. हे न सांगता ते सॉफ्टवेअर सुचवणे बेजबाबदारपणाचे आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना लागू पडणारी एक बाब कोर्समध्ये असण्याची अपेक्षाच नव्हती, तरी येथे लिहितो. यादी करणे, फोन करणे, घासाघीस करणे आणि मोबदला घेणे हे सक्रिय काम आहे. घर घेऊन भाड्याने देण्यासारखी ती निष्क्रिय गुंतवणूक नव्हे. नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्याला अर्जात नमूद नोकरदात्याखेरीज अन्यत्र काम करण्याची मुभा नसते, म्हणून त्याने कोर्सच्या शुल्काआधी इमिग्रेशन वकिलाच्या सल्ल्यावर पैसे खर्च करावेत. करांचेही तेच: या कमाईवर नेहमीच्या प्राप्तिकराखेरीज साधारणपणे १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो.

शेवटच्या पाठानंतर अपेक्षेप्रमाणे वैयक्तिक मार्गदर्शनाचा, कित्येक पट महाग प्रस्ताव आला. या पद्धतीला इतिहास आहे. फेडरल ट्रेड कमिशन आणि युटा राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाने २०१९ मध्ये घरांच्या गुंतवणुकीचे धडे विकणाऱ्या झुरिक्स या कंपनीवर दावा लावला, तेव्हा मोफत कार्यक्रमातून १,९९७ डॉलरच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेकडे आणि तेथून ४१,२९७ डॉलरपर्यंतच्या मार्गदर्शनाकडे लोकांना नेले जात असल्याचा आरोप त्यात होता. मी पाहिलेल्या कोर्सवर असा कोणताही आरोप नाही, पण शिडी त्याच लाकडाची आहे. प्रस्ताव फोनवर आला आणि ‘आजच ठरवा’ असा आग्रह झाला, तेव्हा मी नकार दिला.

विक्रेता शोधण्याचा भाग अतिशय स्पष्ट आहे, म्हणून सवलतीत मिळत असेल आणि आपल्या राज्यात परवान्याची अडचण नसेल तर तेवढ्यापुरता कोर्स घेण्यास हरकत नाही. उरलेले ज्ञान मात्र हक्क हस्तांतरणाचे व्यवहार नेहमी हाताळणारी टायटल कंपनी (घराची मालकी तपासून व्यवहार पुरा करून देणारी संस्था) आणि राज्याच्या रिअल इस्टेट आयोगाचे संकेतस्थळ येथून मिळवावे लागेल. हॉटेलातील कार्यशाळेत १३० डॉलर किंवा अधिक किमतीची खरेदी केली तर संघीय नियमानुसार कामकाजाच्या तीन दिवसांत ती रद्द करता येते. पूर्णपणे ऑनलाइन घेतलेल्या कोर्सला तो नियम लागू नाही, त्यामुळे परताव्याची अट काय आहे आणि मुदत पैसे भरल्यापासून मोजतात की पहिला पाठ उघडल्यापासून, हे कार्डाचा क्रमांक टाकण्यापूर्वी वाचून त्या पानाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.