बोर आणि आंबा: एकाच कात्रीने छाटू नका

बोराची फांदी नागमोडी वाढते आणि वजनाने खाली लोंबते. फूल येते ते चालू हंगामातल्या नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत. म्हणून जात मेहरूण असो की उमराण, एप्रिल-मेमध्ये पानगळ झाली की बिनधास्त कडक छाटणी करा. जुनी फांदी राखली तर फळ बारीक आणि काट्यांत हात घालायची शिक्षा वेगळी. कलमाच्या जोडाखालची फूट मात्र दिसताक्षणी काढा, नाहीतर रानबोर वरचढ होते.

आंबा उलटा. तो आपोआप घुमटासारखा गोल होतो, मोहोर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो. उशिरा शेंडे छाटले की नवी पालवी फुटते, ती मोहोरापर्यंत पक्व होत नाही आणि हंगाम हुकतो. फळे उतरली की लगेच, जूनमध्येच, मधल्या सरळसोट एक-दोन फांद्या बुडापासून काढा. ऊन आत शिरते. पण एकदम जास्त उघडाल तर खानदेशच्या उन्हात उघडी साल भाजून तडकते. खोडाला चुना आणि कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशी रोखणारा लेप) लावाच.

दोन्ही बांधावर असतील तर आधी बोर उरका.